माटोळीवरची शाई

मला एका जागी बसवत नाही. ही म्हातारपणाची खोड नव्हे. शाळेतसुद्धा मास्तर मला दाराशी बसवत, म्हणजे मी उठलो तरी बाकीच्यांना त्रास नको. पुढे डिचोलीच्या खाणपट्ट्यात एका वर्कशॉपात फिटर झालो आणि सगळी नोकरी उभ्याने केली. डंपरखाली आडवा झालो असेन, पण खुर्चीत बसून पगार घेतला नाही. आणि नेमकं मलाच डॉक्टर म्हणाले, "आता घरी बसा."

झालं ते असं. उन्हाळ्यातली सकाळ होती, पोदेर, म्हणजे पाववाला, दारात भोंपू वाजवत आला होता. मी नेहमीसारखे पाव घेतले आणि ते माझ्या उजव्या हातातून खाली पडले. उचलायला वाकलो. बोटं पावाला लागत होती, पण पाव काही हातात येईना. मला वाटलं, झोपेत हाताला मुंग्या आल्या असतील. पोदेराला माझं तोंड बघून काय ते कळलं असावं, कारण त्याने सायकल तशीच आडवी टाकली आणि आमच्या हिला हाक मारली.

अर्धांगाचा झटका होता. पाय वाचले, जीभ वाचली. जीभ वाचली याचं घरात सगळ्यांना सारखंच समाधान होतं असं नाही. उजवा हात तेवढा परका झाला. खांद्यापासून लोंबायचा, उचलला तर उचलला जायचा, पण बोटांत पकड नव्हती. स्क्रू सैल की घट्ट हे ज्या हाताला न बघता कळायचं, त्या हाताला आता चहाचा कप कळेना. व्यायामाला रबरी चेंडू मिळाला होता. तो दिवसभर दाबत बसायचं. एके दिवशी मी तो डाव्या हाताने नेम धरून विहिरीत टाकला.

हाताचं दुःख होतंच, पण खरी भीती चतुर्थीची होती.

चतुर्थीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला नारळांची पेंड म्हणजे घड, सुपारीचे घोस, तोरिंगं, नीरफणस आणि रानातली नाना फळं-फुलं बांधायची. कांगलां, कवंडळां, घागऱ्यो, शेरवडाची पानं. सगळं केवणीने बांधायचं. केवणीच्या झाडाची साल काढून तिची दोरी करतात, ती भिजवून मऊ करायची आणि ओली असतानाच गाठ मारायची. नायलॉन, सुतळी काही चालत नाही. निदान आमच्या घरात नाही.

आमच्या घरात माटोळी एकच जण बांधतो. आधी आजोबा, मग वडील. वडिलांची नजर गेली तेव्हा एका चतुर्थीला त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं, आणि त्यानंतर मरेपर्यंत ते त्या स्टुलावर चढले नाहीत. खाली खुर्चीत बसून बघायचे. मी गाठ मारली की "घट्ट?" एवढंच विचारायचे. नंतर डोळ्यांचं ऑपरेशन होऊन त्यांना चांगलं दिसायला लागलं, तरी चढले नाहीत. स्टूल एकदा हातचं गेलं की गेलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

माझा धाकटा भाऊ पेडण्याला असतो आणि मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. माणूस चांगला, पण सदा गडबडीत. बोलतानासुद्धा मागून कोणी हॉर्न मारत असल्यासारखा बोलतो. मी इस्पितळातून घरी आलो त्या आठवड्यात तो भेटायला आला, पेरू आणले, हिची चौकशी केली आणि निघताना चप्पल घालता घालता म्हणाला, "दादा, यंदा माटोळी हांव बांदतां. तू आपलो कदेलार बस आणि सांग, खंय कितें बांदपाचें तें."

कदेल म्हणजे खुर्ची. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मला मात्र वडिलांची ती खुर्ची दिसली.

"बघूया," मी म्हटलं.

"बघपाचें कितें तेतूंत?" तो म्हणाला आणि गेला.

त्या दिवसापासून माझ्या पायाला भिंगरी लागली. सकाळी बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, दुपारी परसात, संध्याकाळी मयेच्या तळ्याच्या रस्त्याला. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय असं म्हणायचं आणि सुटायचं. चालताना उजव्या हाताची बोटं उघड-मीट करायचो. उघडायची, मिटायची नाहीत.

आमचा मुलगा बोटीवर असतो. त्याची बायको, म्हणजे आमची सून, बेळगावकडची. इथल्या औषधांच्या कारखान्यात कामाला जाते. बोलायला मोकळी, आणि मला न घाबरणारी घरातली एकमेव व्यक्ती. एका रविवारी ती माझ्यासमोर मोबाईल घेऊन बसली.

"मामा, माझं एक काम करताय काय?"

"कसलं?"

"मी एका क्लासात नाव घातलंय, ऑनलाइन. कागदावर शाईचे रंग उठवायचे नि त्याचे टॅग करायचे. भेटवस्तूला लावतात बघा, तसले. आता माझी कामावरची पाळी बदलली. तुम्ही बसा की माझ्या जागी. शिका नि मला सांगा."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ज्याने आयुष्यभर ग्रीसमध्ये हात घातले त्याला ही भेटवस्तूचे टॅग करायला सांगते. मी नाही म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि शाईचे पॅड, ब्रश, जाड पांढरे टॅग, सगळा पसारा मेजावर ठेवून आणि माझ्या मोबाईलवर क्लासची लिंक टाकून कामावर गेली. घरात मी, पसारा आणि हिची दुपारची झोप. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, असं माझं चाललं असताना हाताला चाळा मिळाला, एवढंच म्हणेन. संध्याकाळी मी मोबाईलसमोर बसलो.

शिकवणारी बाई पुण्याची. पडद्यावर आठ-दहा चौकटी, सगळ्या बायका. मी कॅमेरा बंद ठेवला होता. बाईंनी सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "काका आलेत ना? कॅमेरा सुरू करा काका, लाजायचं काय त्यात!" काका म्हणजे मी, हे त्यांना न बघता कसं कळलं, याचा विचार करायचं मला सुचलं नाही. मी घाबरून बटण दाबलं आणि सगळ्या बायकांना माझा बनियन दिसला.

काम म्हटलं तर सोपं. गुळगुळीत प्लास्टिकचा कागद मेजावर पसरायचा. शाईचं पॅड त्यावर पालथं घासायचं आणि वरून फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारायचं. शाईचे थेंब जमतात. त्यांत टॅग पालथा दाबायचा, उचलायचा, सुकवायचा. मग दुसरा रंग, परत पाणी, परत दाबायचा. थरावर थर चढले की कागदावर आपोआप अशा काही नक्ष्या उठतात की त्या आपण काढल्या असं सांगायला लाज वाटावी. मधे सुकवणं मात्र चुकवायचं नाही. ओल्यावर ओलं केलं की सगळे रंग एकमेकांत शिरून चिखल होतो.

माझा चिखलच झाला. पहिला झाला, दुसरा झाला. सुकेपर्यंत थांबायचं कोणी? मी उठून विहिरीपर्यंत जाऊन यायचो, तोवर सुकलेला नसायचा, तरी दाबायचो. पावसाळ्यात खाणीच्या रस्त्यावरून जे पाणी वाहतं त्या रंगाचे टॅग मेजावर ओळीने जमा झाले.

एका दुपारी आमची ही झोपेतून उठून आली, बघितलं आणि म्हणाली, "पी हळद आणि हो गोरी, असां होता काय खंय? जरा दम धरा." मग तिने सुनेचा केस सुकवायचा पंखा आणून माझ्या डाव्या हातात दिला. डावा हात पंख्यात अडकला, त्यामुळे टॅग धरायला उजवाच उरला. टॅग पडायचा, मी उचलायचो. मोटारीचा भाग असता तर शिव्या दिल्या असत्या. कागदाला काय शिव्या देणार? तरी दिल्या.

बायकांच्या त्या चौकटींत मी पुढे पुढे रुळलो, हे कबूल करायला हवं. कोणी टॅगाच्या कडांना स्पंजाने तपकिरी रंग लावून तो जुनाट करायची, कोणी ब्रश झटकून शिंतोडे उडवायची. माझ्याकडे छाप नव्हते म्हणून मी परसातलं नेच्याचं पान शाईच्या पॅडावर दाबून टॅगावर उमटवलं, तर बाईंनी सगळ्यांना थांबवून ते दाखवलं. मी दिवसभर खूश होतो. खूश असण्याचा मला राग आला, तरी होतो.

आणि मग दोरा आला. टॅगाच्या भोकात दोरा ओवायचा. मी दोरा बघितला आणि पडद्यासमोरून उठणार होतो, इतक्यात बाई म्हणाल्या, "गाठ मारायची नाही बरं का." दोऱ्याची दोन टोकं आधीच बांधून त्याची माळ करून ठेवायची. माळ भोकातून अर्धी काढायची आणि उरलेली त्या वळशातूनच ओढून घ्यायची. टॅग दोऱ्यात बसतो. मग तो कशाला लावायचा असेल तर माळ त्या वस्तूभोवती घ्यायची आणि टॅगच माळेतून आरपार काढून खेचायचा. वजन आलं की वळसा आवळतो. वस्तूपाशी गाठ कुठेच नाही.

मी ते डाव्या हाताने केलं. मग दोरा डाव्यात धरून उजव्याने टॅग माळेतून ढकलला. अंगठा आणि पहिलं बोट टॅगाला लागलं, आणि टॅग पडला नाही. मी परत केलं. क्लास कधी संपला ते मला कळलं नाही, एका जागी बसून होतो हेही नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोरा सोडून केवण घेतली. गेल्या वर्षीची थोडी उरलेली होती, ती भिजत घातली. माळेची टोकं बांधताना एक टोक वरवंट्याखाली दाबायचो आणि दुसरं दातात धरायचो. तोंडाला केवणीची तुरट चव यायची. हळूहळू वरवंट्याच्या जागी उजवा हात टेकवू लागलो, मग नुसता अंगठा. बोटं शाईने निळी, दात केवणीने तपकिरी. भाऊ एकदा मधेच येऊन गेला, तेव्हा म्हणाला, "कितें रे दादा, मतदान कितले फावटीं केलें?" आणि टॅग बघून हसला. "हे म्हज्या डिकयेंत सदांच मेळटात. बॅगांक लायिल्ले. जाय जाल्यार हाडून दितां." त्याच्या टॅक्सीत पडून राहिलेले बॅगांचे टॅग तो मला आणून देणार होता. मनात मात्र मी माटोळीपर्यंत पोचलो होतो.

शेवटच्या क्लासला माझं डोकं फिरलं. सगळ्यांचे टॅग तयार झाले होते, बाई एकेकीचं कौतुक करत होत्या. माझ्यापाशी आल्या तेव्हा म्हणाल्या, "आणि काकांचं विशेष. सूनबाईंनी मला आधीच सांगितलं होतं, उजवा हात चालता करायचाय म्हणून. बघा, जमलं की नाही!" चौकटीचौकटीतून टाळ्या वाजल्या.

म्हणजे पाळीबिळी काही बदलली नव्हती. पहिल्यापासून नाव माझंच घातलं होतं. एवढ्या बायका इतके दिवस आजाऱ्याला बघत होत्या आणि मी आपला नेच्याचं पान उमटवून फुशारत होतो. माझे कान तापले. बाई पुढे म्हणत होत्या, "आता सर्वांत महत्त्वाचं, नीट ऐका, ही शाई..." आणि मी मोबाईल पालथा टाकून घराबाहेर पडलो. तळ्यापर्यंत गेलो, तिथून परत आलो, परत गेलो. घरी आलो तेव्हा सून आली होती.

"तू मला फसवलंस," मी म्हटलं.

"होय," ती म्हणाली. "चेंडू तुम्ही विहिरीत टाकलात. मग काय करू मी? बघत बसू?"

मी परसात विहिरीकडे निघून गेलो. मग मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती मात्र बोलत होती. "शेवटचं राहिलंय मामा, त्याचं रेकॉर्डिंग आहे, बघून घ्या," असं तिने सांगितलं. मी "बघितलं" म्हणून मोकळा झालो.

चतुर्थी जवळ आली तसा भाऊ यादी ठरवायला आला. मी त्याला बलकांवात थांबवलं. वरच्या वाशाला दोरी टाकून ठेवली होती, सुपारीचा घोस आणून ठेवला होता, स्टूल मांडलं होतं. मला दाखवायचं होतं. ही दारात उभी राहिली आणि पदर तोंडाला लावला. मी स्टुलावर चढलो. चढणं जमलं. घोस डाव्या हाताने वर धरला आणि उजव्या हाताने केवण फिरवायला गेलो.

खाली मेजावर जे जमत होतं ते डोक्यावर हात धरून जमेना. हात वर गेला की बोटांतला जोर खांद्यातच संपायचा. घोस जड. केवण बोटांतून सुटली आणि घोस खाली पडून सुपाऱ्या बलकांवभर पसरल्या. मी वर तसाच उभा. भाऊ वाकून सुपाऱ्या गोळा करू लागला. सदा घाईत असणारा माणूस, पण त्या दिवशी एकेक सुपारी सावकाश उचलत होता. मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी वाशाकडे बघत राहिलो.

"दादा, सकयल देंव," तो शेवटी म्हणाला.

मी उतरलो. वडिलांसारखाच उतरलो.

"तू बांध," मी म्हटलं. "मी टॅग लावतो."

"कसले टॅग?"

मी रागाने सुचेल ते बोलत गेलो. पोरांना कांगलां कुठली आणि कवंडळ कुठलं ते कळत नाही, विचारलं तर मोबाईलमध्ये बघतात. प्रत्येक वस्तूला नावाचा टॅग लावीन. भाऊ लगेच "लाय, लाय" म्हणाला. लहान मुलाला हळदीकुंकवाची कुयरी धरायला देतात तसं ते काम मला मिळालं, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

पण घेतलं तर नीट करायचं. डिचोलीच्या बाजारात रानातल्या वस्तू आल्या तशी मी त्या आणल्या आणि एकेकीला बघून टॅगाचा रंग धरला. कांगलांना केशरी, कवंडळाला तांबडा, शेरवडाला पांढऱ्यावर थोडी हिरवी झाक. नीरफणसाला काय द्यावं सुचेना, म्हणून निळा दिला. नावं डाव्या हाताने लिहिली. अक्षरं अशी तिरपी आली की पहिलीतल्या पोरानेही हसावं. सून म्हणाली, "मुद्दाम तसं काढल्यागत दिसतंय. राहू दे." तेव्हा मी तिच्याशी परत बोलायला लागलो.

आदल्या दिवशी दुपारी भाऊ स्टुलावर चढला. मी खाली मेजावर एकेक वस्तू घ्यायचो, ओल्या केवणीची माळ तिच्या देठाला घालायचो, टॅग माळेतून आरपार काढून खेचायचो आणि वस्तू वर द्यायचो. तो चौकटीला गाठ मारायचा. त्याच्या गाठी घाईच्या, पण चांगल्या होत्या. खोटं कशाला बोलू? मी सवयीने खालून विचारलं, "घट्ट?" तो म्हणाला, "घट्ट." आणि विचारणारा आता मी झालो हे माझ्या ध्यानात आलं.

सकाळी गणपती बसला. पिवळं पीतांबर, पांढरी सोंड. घर माणसांनी भरलेलं. भटजी वाड्यावरच्या दुसऱ्या घरी होते, तिथलं आटोपून आमच्याकडे पूजेला येणार होते. माझी सकाळपासून ये-जा चालू होती. माटोळीची पानं सकाळी कोमेजल्यासारखी दिसतात म्हणून आम्ही तिच्यावर पाणी शिंपडतो. वडील तांब्यातून हाताने शिंपडायचे. माझ्याकडे क्लासची फवाऱ्याची बाटली होती. खुर्चीत बसल्या बसल्यासुद्धा पाणी वरपर्यंत जायचं. मी चांगलं भिजवलं. पानं तरतरीत झाली. भावाच्या मुली टॅग वाचत होत्या, "घागऱ्यो, घागऱ्यो" म्हणून ओरडत होत्या, आणि मला चतुर्थी आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

आधी गणपतीच्या पीतांबरावर एक निळा थेंब पडला. मग मोदकांवरच्या केळीच्या पानावर केशरी. मग सोंडेपासून जरा बाजूला तांबडा.

आमची ही किंचाळलीच. "अहो, हें कितें? रगत!"

रक्त नव्हतं. सून वर बघून हळूच म्हणाली, "मामा, ते रेकॉर्डिंग तुम्ही बघितलं नाही काय?" मग मला कळलं. बाई शेवटी तेच सांगत होत्या. ही शाई पाण्याने परत जागी होते. तिच्यावर मेण किंवा वार्निश लावल्याशिवाय ओल्या जागी टॅग लावायचा नाही. आणि मी ती ओल्या केवणीत ओवून, रानातल्या ओल्या फळांना बांधून, वरून फवारा मारला होता.

"काडून उडय ते टॅग!" ही म्हणाली. भाऊ सुरी घ्यायला वळला. तिनेच त्याला अडवलं. गणपती बसल्यावर माटोळीला सुरी लावत नाहीत. विसर्जन होईपर्यंत तिच्यातलं काही कापत नाहीत. सोडवून मात्र काढता येतं.

भाऊ स्टुलावर चढला. नीरफणसाच्या टॅगाला हात घातला, नखाने चाचपला, उलटा केला, सुलटा केला. रात्रभर केवण सुकून देठाशी आवळली होती. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला. आख्खी चौकट हलली आणि गणपतीवर चारपाच थेंब आणखी पडले. बायका खालून ओरडल्या.

"दादा," तो वरून म्हणाला, "हांगा गांठच ना रे! सोडोवंचें खंय?"

"गाठ नाही," मी म्हटलं. "वळसा आहे. तो मागे ढकलायचा आणि टॅग त्यातून परत काढायचा."

त्याने परत करून बघितलं. कांगलांचा टॅग फाडला तर अर्धा वळशातच अडकून राहिला आणि केशरी थेंब पडतच राहिले. ओटीवरून कोणीतरी सांगितलं की भटजी तिथून निघाले. भावाचा घामाने सदरा भिजला. तो थांबला, माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीत होतो. मग तो खाली उतरला, स्टूल सरळ केलं, वाकून दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं आणि म्हणाला, "चड."

"नाका!" ही म्हणाली. "वरून पडले तर?"

"चढू दे की त्यांना," सून म्हणाली. "स्टूल धरलंय नव्हे काकांनी."

मी चढलो. वर्षभराने माझं डोकं माटोळीत शिरलं. पिकलेल्या तोरिंगाचा, ओल्या सालीचा वास आला आणि खालची सगळी माणसं लांब गेली. डाव्या हाताचं नख वळशात घातलं, मागे ढकललं. वळसा इतका बसला होता की माझाच मला विश्वास बसेना. हा मी बांधला होता, दातांनी, वरवंट्याने आणि अर्ध्या हाताने. तो थोडा हलला. आता टॅग धरायला हात हवा होता. मी उजवा वर नेला. खांदा दुखला, पण कागदाला वजन ते किती! अंगठ्याने आणि पहिल्या बोटाने टॅग पकडला आणि वळशातून काढला. नीरफणस जागेवर राहिला, टॅग माझ्या हातात आला. मग दुसरा. मग शेरवड. भटजींची स्कूटर अंगणात थांबल्याचं ऐकू आलं. कोणी घाई केली नाही.

ओल्या टॅगांतलं पाणी माझ्या मनगटावरून ओघळत होतं. ते कुठे जातंय म्हणून मी खाली बघितलं. भाऊ मान वर करून माझ्याकडे बघत उभा होता. निळी शाई त्याच्या कपाळावरून भुवईत उतरली होती आणि तिथून डोळ्याच्या कडेशी आली होती. त्याने तो डोळा मिटून घेतला होता.

"पूस रे ते," मी म्हटलं.

"मागीर पुसतां," तो म्हणाला. "आतां हात मेकळे नात."